मक्याच्या एका शेताची दीडशे वर्षं

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाला १९६०च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी नवं ग्रंथालय बांधायचं होतं. निवडलेल्या जागेशेजारी मक्याचं एक छोटं शेत होतं आणि इमारत उभी राहिली असती तर तिची सावली पिकावर पडली असती. विद्यापीठाने शेताला हात लावला नाही, ग्रंथालयच जमिनीखाली बांधलं. त्या शेताचं नाव मॉरो प्लॉट्स. १८७६ पासून तिथे मका घेतला जातो आहे. अमेरिकेतलं हे सर्वांत जुनं कृषी प्रयोगक्षेत्र १९६८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं.

प्रयोगाचा प्रश्न अगदी साधा होता : एकाच रानात वर्षानुवर्षं तेच पीक घेतलं तर काय होतं, आणि फेरपालट केली तर काय? सुरुवातीच्या दहा तुकड्यांपैकी आज तीन उरले आहेत. एकात दर वर्षी फक्त मका असतो. दुसऱ्यात आधी मका आणि ओट आलटून पालटून होते, १९६७ पासून ओटच्या जागी सोयाबीन आलं. तिसऱ्यात मका, ओट आणि चाऱ्याचं द्विदल पीक अशी तीन वर्षांची पाळी आहे. १९०४ मध्ये सिरिल हॉपकिन्स यांनी प्रत्येक तुकड्याच्या काही भागाला शेणखत, चुना आणि स्फुरद द्यायला सुरुवात केली. उरलेल्या भागाला काहीच दिलं नाही.

इलिनॉयची माती काळी, ती हजारो वर्षं कुजत आलेल्या गवताच्या मुळांमुळे. जगातल्या सर्वांत सुपीक मातींमध्ये तिची गणना होते. तरीही विनाखताच्या, फक्त मक्याच्या तुकड्यातला सेंद्रिय कर्ब खालावत गेला आणि उत्पादन सर्वांत मागे राहिलं. फेरपालट आणि शेणखत दोन्ही मिळालेला भाग टिकून राहिला.

पुढचं पान १९५५ चं आहे. खंगलेल्या काही भागांना त्या वर्षी पहिल्यांदा रासायनिक नत्र, स्फुरद, पालाश आणि चुना मिळाला. उत्पादन झपाट्याने वाढलं आणि पिढ्यान्‌पिढ्या शेणखत खाल्लेल्या भागाच्या जवळ जाऊन पोचलं. हे खताचं सामर्थ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मला इथेच धोका दिसतो. पन्नास वर्षांनी तिथली माती पुन्हा तपासली गेली. भरपूर खत आणि धाटांचा मोठा भार मिळूनही रासायनिक खताच्या भागांतला सेंद्रिय कर्ब घटला आहे, असा निष्कर्ष याच विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये मांडला. घट नत्रामुळेच झाली का, यावर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. एक गोष्ट मात्र त्या वादातही शाबूत राहते : पोत्यांवरचं उत्पादन पाहून मातीची तब्येत कळत नाही. खताची गोणी जमिनीची झीज बरीच वर्षं झाकून ठेवू शकते.

मग सोयाबीनने काय साधतं? मक्यानंतर मका घेण्यापेक्षा सोयाबीनच्या बेवडावर मका साधारण दहा टक्के जास्त येतो, हा अमेरिकेच्या मका पट्ट्यातला नेहमीचा अनुभव. मक्याचं धाट कुजताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात, सोयाबीनच्या पाल्यात ती अडचण कमी. पण मुळांवरच्या गाठींनी बांधलेलं बरंचसं नत्र दाण्यांबरोबर बाजारात जातं आणि मागे उरणारा पालाही थोडा असतो, तोही लवकर कुजतो. म्हणून केवळ मका-सोयाबीनची जोडी कर्ब वाढवायला पुरत नाही.

तिथून पुढचं उत्तर आयोवा राज्यात मिळालं. एम्सजवळच्या मार्सडेन फार्मवर मॅट लीबमन आणि सहकाऱ्यांनी सुमारे ९ हेक्टरवर तीन पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या : मका-सोयाबीनची दोन वर्षांची, त्यात ओटसारखं धान्य आणि क्लोव्हर घातलेली तीन वर्षांची, आणि क्लोव्हरऐवजी लसूणघास घातलेली चार वर्षांची. लांब फेरपालटींना शेणखत दिलं, रासायनिक नत्र आणि तणनाशक खूप कमी वापरलं. २००३ ते २०११ या काळात या पद्धतींत मका सरासरी ४ टक्के आणि सोयाबीन ९ टक्के जास्त आलं. मजुरी वाढली, पण नफा घटला नाही. शिवाय तणनाशकांमुळे गोड्या पाण्याला असणारा विषारीपणाचा धोका सुमारे दोनशे पटींनी कमी झाला.

महाराष्ट्रात सोयाबीन जवळपास ५० लाख हेक्टरवर पोचलं आहे. विदर्भ-मराठवाड्यात असंख्य रानांत प्रत्येक खरिपात तेच पीक उभं असतं. आपली काळी माती बेसाल्टची, चिकण आणि घट्ट. तिचा रंग कर्बाची हमी देत नाही, माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब अनेकदा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच निघतो. इलिनॉयकडे झिजवायला जितकं होतं, तितकं आपल्याकडे मुळातच नाही. आपल्याकडेही अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गहू पद्धतीवर खतांचा दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. अशा प्रयोगांना पैसा, माणसं आणि संयम अखंड मिळायला हवा. मध्येच पडलेला खंड नंतर कितीही निधी दिला तरी भरून निघत नाही.

शेतकऱ्याने मात्र दीडशे वर्षं थांबायची गरज नाही, ती वाट दुसऱ्यांनी आधीच पाहिली आहे. येत्या हंगामात सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घाला. एखाद्या तुकड्यात ज्वारी किंवा मका फिरवा. काड जाळू नका, मिळेल तेवढं शेणखत रानात टाका. आणि दर दोन-तीन वर्षांनी माती तपासताना उताऱ्याइतक्याच काळजीने सेंद्रिय कर्बाचा आकडाही वहीत लिहून ठेवा.