पेटीत काय भरायचं, बाहेर काय ठेवायचं

वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात सर्व्हर आणि कंटेनर कशाला, असं शीर्षक वाचून कुणाला वाटलं तर नवल नाही. पण जुने दिवाळी अंक, मंडळांचे छापील अहवाल, लग्नपत्रिका, आजोबांची पत्रं हे सगळं पुढच्या पिढीपर्यंत पोचणार की नाही, हा प्रश्न आपलाच आहे. त्याचं अर्धं उत्तर आज तंत्रज्ञांच्या हातात आहे. उरलेलं अर्धं आपल्या हातात का आहे, ते सांगण्यासाठी हा लेख.

माझं घर बडोद्यातल्या वाडी भागात. इथल्या जुन्या घरांतून मराठी पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं, मधूनच गुजराती शब्द मिसळून. कागदही पिढ्यान्‌पिढ्या साठलेले. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा बडोदेकरांना एक गोष्ट नीट कळली: ट्रंकेत ठेवलेला कागद सुरक्षित नसतो. आमच्या शेजारच्या काही घरांनी मिळून ठरवलं, की आधी सगळं स्कॅन करायचं आणि एका ठिकाणी ठेवायचं. ते ठिकाण म्हणजे स्टोरेज सर्व्हर.

स्टोरेज सर्व्हर म्हणजे काही अगडबंब यंत्र नव्हे. एखादा जुना संगणक, त्यात दोन-चार डिस्क आणि त्यांची निगा राखणारी एक प्रणाली. आम्ही वापरतो ती ट्रूनॅस. तिच्या पोटात झेडएफएस नावाची फाइल-व्यवस्था असते. ती प्रत्येक तुकड्याची बेरीज-पडताळणी लिहून ठेवते आणि वाचताना पुन्हा तपासते. डिस्कवरचं एखादं अक्षर बिघडलं, तर दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीवरून ते दुरुस्त करते. शिवाय स्नॅपशॉट घेता येतो, म्हणजे आज सगळं जसं आहे तशी खूण करून ठेवता येते. उद्या कुणी चुकून फोल्डर पुसलं तरी त्या खुणेपाशी परत जाता येतं.

पण नुसत्या फाइली ठेवून भागत नाही. त्या शोधायला, वाचायला, लावायला एखादं ॲप लागतं. आणि इथूनच खरी गंमत सुरू होते.

एखादं ॲप बसवायचं तर त्याला भाषेची अमुक आवृत्ती लागते, तमुक लायब्ररी लागते. दुसऱ्या ॲपला त्याच लायब्ररीची वेगळी आवृत्ती हवी असते. एकाच यंत्रावर दोघांची भांडणं लागतात. यावर उपाय म्हणजे कंटेनर. ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एका पेटीत भरायचं आणि ती पेटी जशीच्या तशी कुठेही चालवायची. लिनक्सच्या गाभ्यात यासाठी दोन सोयी आहेत. एक, पेटीतल्या प्रोग्रामला बाहेरचं जग दिसू न देणारी भिंत. दुसरी, त्याने किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरायचा यावरचा लगाम. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि ही पेटी भरणं, पाठवणं, उघडणं सामान्य प्रोग्रामरच्या आवाक्यात आलं.

बडोद्याच्या माणसाला ही कल्पना नवी वाटायला नको. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. त्यात फिरती ग्रंथालयं होती. लाकडी पेट्यांमध्ये पुस्तकं भरून त्या गावोगाव जात. गावाने फक्त जागा आणि एक जबाबदार माणूस द्यायचा. पुस्तकं निवडणं, लावणं, भरणं हे काम मध्यवर्ती ग्रंथालयाचं. कंटेनरही अगदी असाच चालतो. पेटी भरणारा एक, वापरणारा दुसरा, आणि दोघांची गाठ पडायची गरज नाही.

मात्र पेटी भरून झाली म्हणजे काम संपलं असं नाही. वाडीतल्या एखाद्या काकांना डॉकरच्या आज्ञा टाइप करायला सांगितलं तर ते हात जोडतील. त्यांना हवी असते एक यादी: चित्र दिसावं, दोन ओळींचं वर्णन असावं, 'इन्स्टॉल' म्हणून बटण असावं. ट्रूनॅसमध्ये अशी यादी आहे, तिला ॲप कॅटलॉग म्हणतात. ती सगळ्यांना उघडी आहे. कुणीही नवं ॲप बांधून पाठवू शकतं, तपासणारे ते तपासून घेतात. पूर्वी या यादीमागे कुबरनेटीस नावाची मोठी व्यवस्था होती. ती शेकडो यंत्रांसाठी उत्तम, पण घरातल्या एका यंत्राला जड. ऑक्टोबर २०२४ च्या २४.१० या आवृत्तीपासून ट्रूनॅसने ती काढून साधं डॉकर कंपोझ घेतलं. त्यामुळे ॲप बांधणं आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनाही समजण्याजोगं झालं.

तर ॲप बांधायचं म्हणजे नक्की काय करायचं? यादीत प्रत्येक ॲपचं एक फोल्डर असतं. त्यात मुख्यतः चार गोष्टी.

पहिली, ओळखपत्र. ॲपचं नाव, वर्णन, चित्र, वर्ग, आणि आवृत्ती. आवृत्त्या दोन असतात: एक मूळ ॲपची आणि एक आपल्या बांधणीची. मूळ ॲप तेच राहिलं पण आपण अर्जात एक प्रश्न वाढवला, तर बांधणीचा आकडा वाढवायलाच हवा. नाहीतर वापरणाऱ्याला नवं काही आलंय हे कळतच नाही. पुस्तकाची तीच आवृत्ती पण नवं मुद्रण, असं समजा.

दुसरी, कोणती पेटी आणायची त्याची नोंद. इथे नेमका आकडा लिहायचा. 'लेटेस्ट' लिहिणं सोपं वाटतं, पण 'लेटेस्ट'चा अर्थ रोज बदलतो. आज चाललेलं उद्या का बिघडलं, हे मग शोधता येत नाही.

तिसरी, प्रश्नावली. इन्स्टॉल करताना जो अर्ज दिसतो तो या फाइलमधून तयार होतो. कोणता पोर्ट, कोणता टाइमझोन, फाइली कुठे ठेवायच्या, मेमरी किती द्यायची.

चौथी, साचा. प्रश्नांची उत्तरं या साच्यात भरली की डॉकर कंपोझची खरी फाइल तयार होते. याच्या जोडीला नमुना-उत्तरं द्यावी लागतात, म्हणजे ॲप पाठवल्यावर ते आपोआप चालवून, सुरू होतंय की नाही हे पाहता येतं.

आता आमच्याच गरजेचं उदाहरण घेते. पेपरलेस-एनजीएक्स नावाचं एक मोफत ॲप या यादीत आहे. स्कॅन केलेला कागद त्याला दिला की ते टेसरॅक्ट वापरून त्यावरची अक्षरं वाचतं, म्हणजे नंतर शब्द टाइप करून तो कागद शोधता येतो. हे ॲप एकटं येत नाही. त्याच्यासोबत माहिती साठवणारं पोस्टग्रेस आणि कामांची रांग सांभाळणारं रेडिस, अशा आणखी पेट्या लागतात. कोण आधी उठायचं, कुणी कुणासाठी थांबायचं, हेही बांधणाऱ्यालाच साच्यात लिहावं लागतं.

यात सगळ्यात महत्त्वाचा निर्णय असतो पेटीत काय आणि बाहेर काय, हा. पेटी ही टाकाऊ वस्तू आहे. नवी आवृत्ती आली की जुनी पेटी फेकून नवी येते, आणि जुन्या पेटीच्या आत लिहिलेलं सगळं तिच्याबरोबर जातं. म्हणून स्कॅन केलेले कागद आणि त्यांच्या नोंदी पेटीबाहेर, सर्व्हरच्या डिस्कवर ठेवायच्या आणि पेटीला फक्त तिथलं दार उघडून द्यायचं. ट्रूनॅसच्या अर्जात दोन पर्याय असतात: ॲपसाठी प्रणालीनेच केलेली जागा, किंवा आपण स्वतः केलेलं फोल्डर. पहिला पर्याय सोपा, पण ॲप काढून टाकताना ती जागाही पुसायचा पर्याय समोर येतो, आणि घाईत एक खूण केली की संपलं. घराघरांतले कागद असतील तर दुसराच पर्याय बरा. मग त्या फोल्डरची परवानगीही द्यावी लागते. ट्रूनॅसमध्ये ॲपसाठी ५६८ क्रमांकाचा एक वेगळा वापरकर्ता ठेवलेला असतो. फोल्डर त्याच्या ताब्यात नसेल तर ॲप दारातच उभं राहतं.

आणि आता आपला विषय: भाषा. पेपरलेसच्या पेटीत अक्षरवाचनासाठी इंग्रजी, जर्मन, इटालियन, स्पॅनिश आणि फ्रेंच या भाषा भरलेल्या येतात. मराठी नसते. याचा अर्थ यंत्राला मराठी येत नाही असा नाही. टेसरॅक्टमध्ये मराठीची तयार माहिती आहे. फक्त ती या पेटीत भरलेली नाही. एक सेटिंग दिलं की पेटी सुरू होताना ती इंटरनेटवरून उतरवून घेतली जाते, आणि दुसऱ्या सेटिंगमध्ये 'वाचताना मराठी आणि इंग्रजी धर' असं सांगता येतं. मराठीचा संकेत तीन अक्षरांचा, एम-ए-आर. पण उतरवलेली भाषा पेटीच्या आत बसते, म्हणून पेटी बदलली की ती पुन्हा उतरवावी लागते. त्या वेळी इंटरनेट नसेल तर मराठी नाही.

हे सेटिंग अर्जात ठळक प्रश्न म्हणून विचारलं, तर वाडीतले काका ते भरतील. 'इतर सेटिंग' असल्या रिकाम्या खान्यात नाव आणि किंमत स्वतः टाइप करायला ठेवलं, तर ज्याला आधीच माहीत आहे तोच भरेल. बाकीच्यांची मराठी पानं इंग्रजी समजून वाचली जातील आणि शोधात अगम्य अक्षरांचा ढीग मिळेल. ॲप मोडलेलं नसतं, कुणाचा वाईट हेतूही नसतो. अर्जात एक प्रश्न विचारायचा राहिलेला असतो, एवढंच. आणि तो प्रश्न विचारायला हवा हे मराठी वाचणाऱ्यालाच सुचणार.

फॉन्टचंही तसंच. पेटी हलकी राहावी म्हणून बांधणारे पुष्कळदा फॉन्ट वगळतात. मग त्या पेटीतून तयार झालेल्या पीडीएफमध्ये देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन येतात. काही मेगाबाइट वाचवताना एक लिपी बाहेर राहते.

दोन मर्यादाही सांगायला हव्यात. टेसरॅक्ट छापील अक्षर वाचतं. आजीच्या हस्ताक्षरातलं पत्र किंवा मोडीतला कागद त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. तिथे माणसानेच वाचून तारीख, नावं, विषय लिहायला हवेत. दुसरं, दोन डिस्कवर प्रत आहे म्हणजे बॅकअप आहे असं नव्हे. पाणी आलं तर दोन्ही डिस्क एकाच खोलीत भिजतात. स्नॅपशॉटची एक प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या शहरात, जायलाच हवी.

तर आपलं मंडळ काय करू शकतं? संगणकशास्त्राच्या वर्गातल्या मैत्रिणीला एका दुपारी शेजारी बसवा. तिला साचा कळेल, तुम्हाला मजकूर कळेल. घरातले दहा छापील मराठी कागद चाचणीसाठी द्या आणि यंत्राने जोडाक्षरं कुठे चुकवली त्याची यादी करा. मोडी येत असेल तर पाच कागदांना नोंदी लिहा. आणि एखाद्या ॲपच्या अर्जात मराठीचा पर्याय दिसला नाही, तर तो प्रश्न वाढवा अशी सूचना यादीच्या कर्त्यांना पाठवा. नेमकी, सौम्य आणि उदाहरणासह लिहिलेली सूचना वाचली जाते. पेटी कशी बांधायची हे शिकवणारे पुष्कळ भेटतील. तिच्यात मराठी भरायची आठवण आपल्यालाच करून द्यावी लागेल.