सिनेमा कशासाठी पाहायचा?

‘वस्त्या जळत असताना सिनेमा कसला पाहता?’ असा प्रश्न आमच्या शिंदखेड्याकडे चळवळीतले कार्यकर्ते विचारतात. प्रश्नामागची तळमळ खरी आहे. पडद्यावर गुंगी विकली जाते, हेही खरे. परंतु म्हणून पडद्याकडे पाठ फिरवावी, हे मला मान्य नाही. ज्या चळवळीने जलसे उभे करून बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला, तिला या साधनाची ताकद नव्याने सांगायला नको.

श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आणीबाणीच्या काळात, १९७६ साली आला. गुजरातमधील ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन तो उभा केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. बिंदूच्या भूमिकेत तापीपलीकडच्या, शिरपूरच्या घराण्यातील स्मिता पाटील. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, तेव्हा हा चित्रपट गावातील सत्तेचा प्रश्न मांडत होता. दूध संघाच्या निवडणुकीत सरपंच पडतो, दलित उमेदवार निवडून येतो आणि सरपंचाला तो पराभव सोसत नाही. मतपेटीने जात मोडत नाही, हे व्याख्यानातून समजते. इथे ते डोळ्यांना दिसते.

तरीही मंथनमध्ये परिवर्तन आणणारा नायक बाहेरून आलेला शिकलेला डॉक्टर आहे. त्याची बदली होते, तेव्हा कुठे संघाचा भार दलित तरुण भोलाच्या खांद्यावर येतो. आपली व्यथा पडद्यावर आली, पण नजर दुसऱ्याची राहिली.

२०१३ च्या ‘फँड्री’ने ही नजर बदलली. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे जे जगणे जवळून जाणतात, तेच त्यांनी दाखवले. डुक्कर पकडत असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि ते कैकाडी कुटुंब जागच्या जागी उभे राहते. पुढे मारलेले डुक्कर काठीला टांगून महापुरुषांच्या चित्रांनी रंगवलेल्या भिंतीजवळून नेले जाते. शेवटी जब्याचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. राष्ट्र, शाळा आणि जात यांचे नाते इतक्या थोडक्यात सांगणारे भाषण मी ऐकलेले नाही.

अशांत काळात आपल्याविषयीची चित्रे दुसरेच तयार करतात आणि ती खरी मानली जातात. चित्र तपासण्याची सवय नसलेला समाज अफवेलाही लवकर बळी पडतो. म्हणून भीमजयंतीच्या वर्गणीतून एक रात्र वस्तीत पडदा लावावा. खेळ संपल्यावर कोणी उठू नये. कॅमेरा कोणाच्या हाती होता, बोलले कोण आणि गप्प कोणाला ठेवले, यावर बायामाणसांनी, पोरांनी बोलावे. तेही चळवळीचेच काम आहे.