हाताची भूल रात्रभर टिकावी का?

वडूज आणि आसपासच्या गावांत जनावरे आली की कडबाकुट्टीचे यंत्रही दारात येते. पेंढी आत सारताना बोटे किंवा बाही ओढली गेली, तर पंजापासून मनगटापर्यंतचा हात क्षणात चिरडतो. पावसाळ्यात निसरड्यावर हात टेकून पडणाऱ्यांची मनगटे मोडतात, तर दुचाकीवरून पडणाऱ्यांची कोपराखालची दोन्ही हाडे. प्रथमोपचार गावात होतो. काम मोठे असेल तर रुग्णाला सातारा, कराड किंवा मिरजेपर्यंत न्यावे लागते. शस्त्रक्रिया कुठेही झाली, तरी नातेवाइकांना आता बहुतेक वेळा सांगितले जाते की पूर्ण भूल देणार नाही, फक्त हात बधिर करू. त्यालाच जोडून हल्ली आणखी एक गोष्ट सांगितली जाते. इंजेक्शनमध्ये एक औषध वाढवणार आहोत, म्हणजे रात्री दुखणार नाही.

हे वाढीव औषध म्हणजे काय, ते कशासाठी घालतात आणि कधी घालू नये, हे रुग्णाच्या घरच्यांनाही माहीत असायला हवे. कारण त्याचा परिणाम बहुधा डॉक्टर घरी गेल्यानंतरच्या तासांत दिसतो.

हाताला संवेदना आणि हालचाल देणारे चेतातंतू मानेतून निघतात. गळ्याच्या हाडामागून, पहिल्या बरगडीवरून ते काखेत उतरतात. वाटेत त्यांचे एक जाळे तयार होते, त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. गळ्याच्या हाडाच्या वर हे जाळे अगदी एकवटलेले असते. तिथे एका सुईने बधिरीचे औषध पोहोचवले की दंडाच्या मध्यापासून बोटांपर्यंतचा बहुतेक हात बधिर होतो. रुग्ण जागा राहतो आणि श्वास स्वतःच घेतो. दुपारी भाकरी खाऊन कामाला लागलेल्या माणसाला संध्याकाळी पूर्ण भूल देणे धोक्याचे असते, पोटातले अन्न फुप्फुसात जाऊ शकते. त्यामुळे तातडीच्या शस्त्रक्रियेत हाताच्या भुलेचा मोठा आधार वाटतो. ब्लॉक अपुरा पडला तर पूर्ण भूल द्यावी लागू शकते, म्हणून उपाशी राहण्याची सूचना मात्र याही रुग्णांना असते.

तंतूंच्या जाळ्याला लागून मोठी धमनी आहे आणि फुप्फुसाचे टोकही फार लांब नाही. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत इंजेक्शन देता येते, त्यामुळे औषध कमी लागते आणि धोकाही कमी होतो. आपल्याकडे या यंत्राला एक वेगळी अडचण आहे. ते हाताच्या भुलेसाठी घेतलेले असले तरी १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली त्याची नोंदणी करावी लागते, आणि ते या रुग्णालयातून त्या रुग्णालयात सहज फिरवता येत नाही. कायद्यामागचे कारण महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. पण तीन-चार छोट्या रुग्णालयांत फिरून काम करणाऱ्या भूलतज्ज्ञाची त्यात पंचाईत होते, हेही खरे.

बधिरीच्या औषधात दुसरे औषध मिसळण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०३ मध्ये हाइनरिश ब्राउन या जर्मन शल्यचिकित्सकाने कोकेनमध्ये अॅड्रेनलिन मिसळले. अॅड्रेनलिनने आसपासच्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्तात सावकाश जाते, तंतूपाशी जास्त वेळ राहते आणि विषबाधेचा धोका घटतो. गळ्याच्या हाडावरून सुई घालण्याची पद्धत १९११ च्या सुमारास रूढ करणारे कुलेनकाम्फ हे याच ब्राउन यांचे सहकारी. त्यांनी ती आधी स्वतःवर करून पाहिली होती. आज लिग्नोकेनसोबत अॅड्रेनलिन मिसळले जाते ते दोन लाखांत एक या प्रमाणात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम.

लिग्नोकेन लवकर चढते आणि दोन-तीन तासांत उतरते. ब्युपिवाकेन सावकाश चढते, पण आठ-दहा तास किंवा त्याहून जास्त टिकते. दुपारी चारला ब्लॉक दिला तर मध्यरात्रीच्या सुमारास हातात मुंग्या येऊ लागतात आणि थोड्याच वेळात कळ सुरू होते. तीही हळूहळू वाढत नाही, एकदम उसळते. त्या वेळी वॉर्डात जागे कोण असते? एक परिचारिका आणि स्टुलावर पेंगणारा नातेवाईक. ब्लॉक लांबवण्याची सगळी धडपड या तासांसाठी आहे.

गेल्या काही दशकांत त्यासाठी अनेक औषधे वापरून पाहिली गेली. रक्तदाबावरचे क्लोनिडिन वेदनामुक्तीचा काळ सुमारे दोन तासांनी वाढवते. त्याच जातीचे नवे औषध म्हणजे डेक्समेडेटोमिडिन. मूळचे अतिदक्षता विभागात रुग्णाला गुंगीत ठेवण्यासाठी वापरले जाणारे हे औषध साधारण चार तासांची भर घालते. पण त्याने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि रुग्ण झोपाळतो. नाडीवर आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारा मॉनिटर व माणूस असेल तिथे हे चालण्यासारखे आहे. रात्री एका परिचारिकेवर पूर्ण वॉर्ड असलेल्या ठिकाणी ते अंगाशी येऊ शकते. ट्रॅमाडॉलसारख्या औषधांनी मळमळ वाढते. मिडॅझोलामचा चेतातंतूंना अपाय होऊ शकतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसल्याने ते तंतूजवळ न देणेच बरे.

मग राहते डेक्सामेथासोन. २०२० मध्ये कोविडच्या काळात 'डेक्सा' हे नाव घरोघरी पोहोचले, ते हेच स्टेरॉइड. एक अँप्यूल काही रुपयांना मिळते आणि ते सगळीकडे उपलब्ध असते. बधिरीच्या औषधात ४ ते ८ मिलिग्रॅम मिसळले तर ब्लॉक बराच लांबतो. पुढे कुणीतरी विचारले की तेच औषध हाताच्या शिरेतून, सलाईनवाटे दिले तर? उपलब्ध चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये जो आढावा घेतला, त्यात तंतूजवळ दिलेल्या डेक्साने बधिरपणा सहा-सात तासांनी वाढला, आणि शिरेतून दिलेल्यानेही सहा तासांहून थोडा अधिक. दोन्हींची समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचण्यांत तंतूजवळचे औषध काही तास पुढे राहिले, पण रुग्णाला जाणवणाऱ्या वेदनेत मोठा फरक नव्हता.

हा निष्कर्ष तालुक्याच्या रुग्णालयासाठी फार मोलाचा आहे. डेक्सामेथासोनच्या वेष्टणावर ते शिरेतून किंवा स्नायूत द्यावे असे लिहिलेले असते, चेतातंतूच्या शेजारी द्यावे असे नसते. तसे देणे जगभर चालते, पण ती मंजूर वापराबाहेरची वाट आहे, आणि काही कंपन्यांच्या औषधात टिकाऊपणासाठी घातलेली रसायनेही असतात. शिरेतून देऊन जवळपास तेवढाच फायदा होत असेल, तर ते तंतूपाशी नेण्याचे कारण फारसे उरत नाही. मधुमेही रुग्णात एक-दोन दिवस साखर वाढते, ती तपासत राहावी लागते. एका डोसने जखम चिघळेल अशी भीती असे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेआठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ती खरी ठरली नाही.

भूलशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांसाठी हा विषय भारतभर लाडका आहे. दोन गट, प्रत्येकी तीस-चाळीस रुग्ण, एका गटात वाढीव औषध, आणि शेवटी तासांचा तक्ता. जास्त तास टिकणारे औषध जिंकते. रुग्णाला रात्री झोप लागली का, ब्लॉक उतरताना किती दुखले, घरी गेल्यावर बधिर हाताचे काय झाले, हे प्रश्न तक्त्यात क्वचितच येतात.

तास वाढवणे काही रुग्णांत धोक्याचेच असते. कुट्टीत चिरडलेला हात किंवा कोपराखालची दोन्ही हाडे मोडलेला हात आतून सुजतो. स्नायूंच्या घट्ट कप्प्यांत दाब वाढत गेला की रक्तपुरवठा बंद पडतो, आणि काही तासांत कप्पे उघडले नाहीत तर स्नायू कायमचे मरतात. याची पहिली खूण म्हणजे दुखापतीच्या मानाने फारच जास्त वेदना, आणि बोटे ताणली की किंकाळी फुटणे. हात सोळा-अठरा तास ठार बधिर असेल तर ही खूण दबून जाऊ शकते. म्हणून अशा जखमींत अनेक भूलतज्ज्ञ आणि हाडांचे डॉक्टर आधी आपसांत बोलतात, लवकर उतरणारे औषध निवडतात आणि वाढीव काही घालत नाहीत. रुग्णाला त्या रात्री जास्त दुखेल, पण ते दुखणे डॉक्टरांना हवे असते. ठरवून केलेल्या मनगटाच्या प्लेटच्या शस्त्रक्रियेत हा धोका बराच कमी असतो, तिथे डेक्साचे तास कामी येतात.

घरच्यांनी पाळायच्या गोष्टी साध्या आहेत. बधिर हात झोळीत ठेवावा. चूल, गरम पातेले किंवा शेकाची पिशवी त्याच्याजवळ नेऊ नये, भाजले तरी कळत नाही. वेदनाशामक गोळी कळ उठल्यावर नव्हे, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, ब्लॉक उतरण्याआधीच घ्यावी. बोटे पांढरी किंवा निळी पडली, थंड लागली, प्लास्टर फार आवळल्यासारखे वाटले किंवा चोवीस तासांनंतरही बधिरपणा गेला नाही, तर सकाळची वाट पाहू नये.

आणि रुग्णालयातून निघताना कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : ब्लॉक किती वाजता दिला, कोणते औषध वापरले, त्यात किंवा शिरेतून आणखी काय दिले. मध्यरात्री वडूजहून कराडला फोन लावायची वेळ आली, तर पलीकडचे डॉक्टर आधी हेच विचारतात.