साडेचारशे वर्षे, पण कोठे?

शाळांमधून प्रश्नमंजूषेच्या स्पर्धा होतात, त्या वेळी घरोघर सामान्य ज्ञानाची पुस्तके बाहेर निघतात. जगातील राजधान्या, सर्वांत लांब नद्या, पहिले मानकरी यांची उजळणी चालते. मुलांच्या या हौसेचे आम्हांस कौतुक आहे. बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद वा गोवा येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील मुलांनी मात्र एक सवय आणखी लावून घ्यावी, असे आम्हांस वाटते. छापील उत्तर आपल्या गावाला लागू पडते का, हे पडताळून पाहण्याची ती सवय. उदाहरण म्हणून आज पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तरेकडील दोन तालुके घेऊ.

'गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता किती वर्षे होती?' या प्रश्नाचे छापील उत्तर साडेचारशे वर्षे असे असते. आफोंसो द अल्बुकेर्क याने 1510 साली गोवा बेट जिंकले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. वजाबाकी 451 येते आणि ती बरोबर आहे. पण पेडण्याच्या मुलाने आपल्या गावाविषयी हेच उत्तर दिले, तर ते चुकेल.

गोव्याचे दोन भाग मानले जातात. तिसवाडी, बारदेश व सासष्टी या जुन्या काबिजादी. त्या सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेल्या. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इत्यादी नव्या काबिजादी. त्या अठराव्या शतकात गेल्या. डिचोली 1781 मध्ये, तर पेडणे 1788 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून कायमचे पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. म्हणजे डिचोलीत 180 आणि पेडण्यात 173 वर्षे. स्पर्धेत प्रश्न 'गोव्यावर' असा असेल तर 451 सांगावे. तालुक्याचे नाव आले की आकडा बदलतो, हे ध्यानात ठेवावे.

हा फरक केवळ आकड्यांचा नाही. जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली आणि 1560 पासून धर्मन्यायालयाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, अंमल सुरू झाला. नव्या काबिजादी घेताना मात्र तेथील लोकांचा धर्म व चालीरीती राखण्याचे पोर्तुगीजांनी मान्य केले. म्हणून या भागांत जुनी देवस्थाने व उत्सव टिकून राहिले. पेडण्याच्या भगवती देवस्थानाची पुनव आजही हजारो लोकांना ओढून आणते.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ हा याचा बोलका पुरावा होय. कदंब राजांचे हे कुलदैवत मूळचे दिवाडी बेटावरचे. तेथील देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर देवाला नदीपलीकडे नार्व्यास आणण्यात आले, कारण ती भूमी त्या वेळी पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होती. पुढे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 1668 मध्ये या देवळाचे काम सुरू झाले. तसा शिलालेख तेथे आहे. 'सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार कोणी केला?' या प्रश्नाला मुले चटकन 'शिवाजी महाराजांनी' म्हणतात. देव नदी ओलांडून का आला, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या उत्तराचे मोल कळले.

आता पेडण्याचा एक नवलाचा प्रश्न. पोर्तुगालच्या एका सरदार घराण्याला नाव देणारे गोव्यातील गाव कोणते? उत्तर आहे हळर्ण. शापोरा नदीकाठचा येथील किल्ला 1746 मध्ये एका पोर्तुगीज व्हाइसरॉयने घेतला. हळर्णला पोर्तुगीज 'अलोर्ना' म्हणत. या विजयाबद्दल त्याला 'अलोर्नाचा मार्क्विस' अशी पदवी मिळाली. त्याच घराण्यातील एक स्त्री पुढे 'अलोर्नाची मार्क्विझ' या नावाने पोर्तुगीज भाषेतील नामवंत कवयित्री झाली.

ग्वाल्हेर-उज्जैनीकडील वाचकांसाठीही पेडण्यात पुष्कळ आहे. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे पेडणे तालुक्यातील केरी गावचे. 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेत त्यांचे स्थान मोठे होते. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांचे घराणे याच तालुक्यातील पालये गावचे. नाथ उत्तरायुष्यात उत्तर हिंदुस्थानात गेले. विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले आहे. दूरदेशी स्थायिक झालेल्या मराठी घराचा धागा असा एखाद्या लहानशा खेड्याशी जुळलेला निघतो. तो मुलांना दाखवणे वडीलधाऱ्यांच्या हाती आहे.

पालकांना आमची एकच सूचना आहे. मुलाने उत्तर सांगितले की लगेच तीन प्रश्न विचारावेत: कोठे? केव्हापासून? कशामुळे? सारीच उत्तरे पुस्तकात सापडणार नाहीत. काही आजी-आजोबांकडे, तर काही देवळाच्या भिंतीवरील शिलालेखात मिळतील. ती मिळवून मुलाने वहीत टिपून ठेवावीत. स्पर्धा संपली तरी ती वही घरात राहील आणि धाकट्या भावंडांच्या उपयोगी पडेल.

सरावासाठी पाच प्रश्न देत आहोत. उत्तरे झाकून ठेवावीत.

1. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कोण? त्यांचा जन्म कोठे झाला?
2. 15 ऑगस्ट 1955 रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पेडणे सीमेवर कोठे गोळीबार झाला?
3. पेडणे तालुक्याच्या उत्तरेस महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहणारी नदी कोणती?
4. डिचोली तालुक्यातील कोरीव लेणी व धबधबा यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव कोणते?
5. गोवा मुक्त झाला तो दिवस आणि गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला तो दिवस, दोन्ही सांगा.

उत्तरे: 1. दयानंद बांदोडकर, पेडणे. 2. पत्रादेवी, तेथे पंजाबचे कर्नैलसिंग यांना हौतात्म्य आले. 3. तेरेखोल. 4. हरवळे. 5. 19 डिसेंबर 1961 आणि 30 मे 1987.