पाऊल मोजून टाकू या

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझा आवाज आज जरा खालच्या पट्टीत येतो आहे, तो माइकचा दोष नाही. मला पार्किन्सन्स आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात तो आजार. यात हातापायांबरोबर आवाजही बारीक होतो. मी बुलडाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याचा. १७२४ साली निजाम आणि मुबारिझखान यांची लढाई झाली, तेच हे गाव. इथे राहून मी कविता लिहितो. या आजाराची पहिली खबर मला पायाने दिली नाही, अक्षराने दिली. ओळीच्या सुरुवातीला ठसठशीत असलेले अक्षर शेवटाकडे मुंगीएवढे होऊ लागले. घरच्यांना वाटले, चष्म्याचा नंबर वाढला. पुढे छत्रपती संभाजीनगरला मेंदूविकारतज्ज्ञांनी चार ओळी लिहून घेतल्या, बोटे एकमेकांवर आपटायला लावली, चालून दाखवायला सांगितले आणि आजाराचे नाव सांगितले.

आज मला बोलायचे आहे ते पडण्याविषयी. कंपवात म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. पण हात थरथरल्याने कोणाचे हाड मोडत नाही. पडल्याने मोडते. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा असे दिसले की कंपवाताच्या १०० रुग्णांपैकी ६० च्या आसपास माणसे वर्षभरात एकदा तरी पडतात आणि त्यांतली बरीचशी पुन्हा पडतात. खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. माणूस एकदा पडला की घरातले मायेपोटी म्हणतात, ‘आता तुम्ही उठू नका, जे लागेल ते हातात देऊ.’ मग त्याची दुनिया बाजेपुरती उरते. बसून बसून मांड्यांतली ताकद जाते, सांधे आखडतात, आणि ज्या पडण्याच्या भीतीने बसवले ते पडणे आणखी जवळ येते. म्हणून पडू द्यायचे नाही, पण बसवूनही ठेवायचे नाही, अशी मधली वाट शोधावी लागते. ती आहे, आणि तिला फार पैसा लागत नाही.

तोल जातो कुठे?

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले. मेंदूच्या आत खोलवर डोपामाइन नावाचे रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या हळूहळू मरत जातात, हे त्याच्या नंतर फार उशिरा कळले. या रसायनाचे काम काय, ते मी माझ्या पद्धतीने सांगतो. पूर्वी बाजाराहून परतताना गाडीवान गाडीत झोपून जायचा आणि बैल बरोबर घरी आणायचे. त्यांना वाट पाठ असायची. आपले चालणे तसेच असते. पाऊल उचला, हात हलवा, वळा, हे आपण कधी मनात म्हणत नाही. आतले बैल ते करतात. कंपवातात हे बैल वाट विसरतात. आता गाडीवानाने जागे राहून कासरा हातात धरला पाहिजे. जे आपोआप होत होते ते लक्ष देऊन करायचे, एवढी एक गोष्ट समजली की पुढचे सगळे सोपे होते.

निरोगी माणसाला मागून धक्का लागला तर तो नकळत पाऊल टाकून सावरतो. आमचे हे सावरणे मंदावते. डॉक्टर म्हणूनच मागे उभे राहून खांदे ओढून पाहतात. कितव्या पावलात रुग्ण सावरतो, त्यावरून तोल कळतो. शरीर पुढे वाकते, पावले आखूड होतात आणि घसटत पडतात. कधी ती पळू लागतात आणि थांबता येत नाही. कधी नेमके उंबऱ्याशी, वळणावर किंवा गर्दीत पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. धड पुढे जाते, पाय मागे राहतात. शिवाय या आजारात आणि त्याच्या औषधांनीही उठून उभे राहताच रक्तदाब उतरू शकतो. डोळ्यांपुढे अंधारी येते, ती त्यामुळे.

रेघ आणि लय

अक्षर बारीक होऊ लागले तेव्हा मी शाळेतल्या मुलांसारखी दुरेघी वही आणली. दोन रेघांना टेकवून लिहायचे म्हटले की अक्षर पुन्हा मोठे येई. पायांचेही तसेच आहे. जमिनीवर आडव्या रेघा आखल्या तर चिकटलेला पाय त्या ओलांडतो, हे पर्डन मार्टिन या ब्रिटिश डॉक्टरने १९६७ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले. आतून येणारा हुकूम पोचत नाही, पण डोळ्यांनी दिलेली खूण मेंदूच्या दुसऱ्या वाटेने पायापर्यंत जाते.

मूळच्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनर तरुणीने हे आपल्या काकांच्या बाबतीत पाहिले. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज उतरत. जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे एक रेघच. मग तिने सपाट फरशीवर पायऱ्यांचा भास होईल असे चित्र चिकटवले आणि काका त्यावरून नीट चालले. २०१५ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट येथे तिने हे जाहीर भाषणात सांगितले. आपल्या घरी एवढेही नको. पाय अडतो त्या दाराच्या अलीकडे-पलीकडे फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा, आपल्या मोठ्या पावलाएवढ्या अंतराने लावा. पट्टीचे टोक मात्र उचललेले राहू देऊ नका.

दुसरी खूण कानाची. अमेरिकेत मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवून दिले की ठरावीक ठेक्यावर चालण्याचा सराव केला तर रुग्णांची पावले लांब पडतात आणि वेग सुधारतो. पुण्यात हृषीकेश पवार या नर्तकाने कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले, त्यामागेही तालाची हीच ताकद आहे. मी कवी असल्याने मात्रा मोजणे माझ्या रक्तात आहे. केरव्याच्या आठ मात्रा मनात धरतो आणि चालतो. कोणी एक-दोन, एक-दोन म्हणावे, कोणी जात्यावरची ओवी गुणगुणावी, कोणी ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणावे. पायाला फक्त ठेका लागतो.

पाय चिकटलाच तर काय करावे? जोर लावू नका. आधी थांबा. श्वास घ्या. पाठ सरळ करा. वजन डावीकडे-उजवीकडे हलवा, मग एका पायावर घ्या आणि दुसरा पाय मोठा उचलून टाका. सोबतच्या माणसाने हात धरून ओढू नये. ओढल्याने धड पुढे जाते आणि माणूस तोंडावर पडतो. त्यापेक्षा आपले पाऊल त्याच्या पावलापुढे आडवे ठेवावे आणि म्हणावे, ‘हे ओलांडा.’ पाय सुटतो.

वळताना जागच्या जागी गिरकी घेऊ नये. एसटी बस स्टँडवर जसा मोठा वळसा घेऊन फिरते, तसे चार-सहा पावलांत वळावे. मागे मागे चालू नये. दार उघडताना बाजूला उभे राहावे. चालताना एकच काम. मोबाइलवर बोलणे, खिशातले पैसे मोजणे, दोन्ही हातांत पिशव्या घेणे नको. कोणी हाक मारली तर थांबून, भिंत किंवा खांब धरून उत्तर द्यावे.

घरातली लढाई

आमच्या जुन्या घरांत पडायच्या जागा ठरलेल्या असतात. उंबरा, ओसरीची पायरी, गुळगुळीत शहाबादी फरशी, ओली मोरी. उंबऱ्याला गडद रंगाचा पट्टा द्या म्हणजे तो दिसेल. पायरीजवळ आणि संडासात भिंतीला लोखंडी दांडी पक्की बसवून घ्या. गावातला वेल्डर आणि गवंडी मिळून हे एका दिवसात करतात. टॉवेल वाळत घालायची दांडी आधाराची नव्हे, ती उखडते. उकिडवे बसण्याच्या संडासावर ठेवायची खुर्ची मिळते. अंघोळ स्टुलावर बसून करावी. सैल विणीच्या बाजेतून उठणे आमच्यासाठी विहिरीतून वर येण्यासारखे असते. घट्ट आणि गुडघ्याएवढ्या उंचीचा पलंग बरा. पायात अडकणारी लुंगी, लोळणारे धोतर, मागून उघडी चप्पल यांऐवजी आखूड पायजमा आणि टाच झाकणारी पादत्राणे घ्या.

वजू करताना पाय धुण्यासाठी एका पायावर उभे राहावे लागते, तिथे तोल हमखास जातो. बसून वजू करावी. सजद्यातून उठणे जड जात असेल तर खुर्चीवर नमाज पढावी. उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पडून, अशी मुभा धर्मानेच दिली आहे. त्यात कमीपणा मानू नये. माझ्या हिंदू मित्रांना मी सांगतो, देवळातली घंटा वाजवायला मान वर करून हात उंच नेला की आमच्यासारखा माणूस सरळ मागे पडतो. घंटा नातवाला वाजवू द्यावी आणि आपण हात जोडावेत.

रात्र सर्वांत धोक्याची. लघवीला घाईघाईने उठणे आणि अंधार, दोन्ही एकत्र येतात. झोपण्यापूर्वी जाऊन यावे, पलंगाशी लघवीचे भांडे ठेवावे. वीज गेली तरी आपोआप लागणारा चार्जिंगचा दिवा वाटेत असावा. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, बसा, घोटे हलवा, मिनिटभराने उभे राहा आणि उभे राहिल्यावर दहा आकडे मोजूनच पाऊल टाका.

औषधाची वेळ

लेव्होडोपा हे आमचे मुख्य औषध. त्याचा असर असतो तेव्हा पाय हलका असतो, उतरला की जड. म्हणून गोळी घड्याळ लावून घ्यावी आणि बाजार, अंघोळ, व्यायाम ही कामे असर असतानाच करावीत. दूध, डाळ, अंडी, मटण यांतली प्रथिने या औषधाच्या आड येतात; म्हणून गोळी सहसा जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. ती मनाने बंद करणे घातक आहे.

एक गोष्ट गावाकडे विशेष सांगण्यासारखी आहे. चक्कर किंवा उलटीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, मेटोक्लोप्रामाइड या औषधांनी कंपवात वाढतो. काही वेळा नसलेल्या माणसातही तशी लक्षणे दिसू लागतात. दवाखान्यात गेल्यावर आपला आजार आधी सांगावा. खाजकुयरीच्या बियांत लेव्होडोपा असते हे खरे, पण कोणत्या बीत किती ते कळत नाही. चालू औषधावर ते चूर्ण आपल्या मनाने घेऊ नये. वारंवार अंधारी येत असेल तर बसून आणि उभ्याने रक्तदाब मोजून घ्यावा. हाडांची ताकद आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांचीही डॉक्टरांकडे चौकशी करावी.

रोजचा अर्धा तास

२०१२ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५ रुग्णांपैकी काहींना ताई-ची ही संथ हालचालींची चिनी कसरत, काहींना ताकदीचा व्यायाम आणि काहींना नुसते ताण देण्याचे व्यायाम सहा महिने, आठवड्यातून दोनदा दिले. ताई-चीवाल्यांचा तोल सर्वांत जास्त सुधारला आणि ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी पडले. तोल शिकवता येतो, ही त्यातली आशेची बाब. ताई-ची साखरखेर्ड्यात कोण शिकवणार? पण त्याचे मर्म, म्हणजे वजन सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, घरीही करता येते. जड खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यावरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. ती धरून टाचा वर उचला. एक पाय थोडा उचलून दहा अंक मोजा. मग मुद्दाम मोठी पावले टाकत अंगणात चाला. शेजारी एक माणूस असावाच. फिजिओथेरपिस्टने एकदा पाहून दिले तर उत्तम. काठी किंवा वॉकरही त्यांनाच विचारून घ्यावा. चार पायांचा, दरवेळी उचलावा लागणारा वॉकर आमच्यातल्या काहींना मागे पाडतो, त्यांना चाकांचा बरा पडतो.

एवढे करूनही कोणी पडले तर लगेच काखेत हात घालून उभे करू नका. दुखते कुठे ते विचारा. खुबा दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला असेल तर दवाखाना गाठा. काही झाले नसेल तर कुशीवर, मग गुडघ्या-हातांवर, मग खुर्चीला धरून उठायचे. आणि पडण्याची वेळ, जागा, गोळी कधी घेतली होती, हे वहीत लिहून ठेवायचे. ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत २००१ साली सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांना एकत्र आणून हेच काम करतात. त्यांच्याइतकी साधने आपल्या खेड्यात नाहीत. पण मशिदीच्या आणि देवळाच्या पायऱ्यांना एक कठडा, ग्रामपंचायतीच्या ओट्याला एक दांडी, एवढे गावाने ठरवले तर होईल. त्याचा उपयोग माझ्यासारख्या रुग्णांबरोबर गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला होईल.

आणि ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना माझी विनंती आहे. त्याला पाणी हातात आणून देण्याची घाई करू नका. माठापर्यंतची वाट मोकळी करा, रेघा आखा, शेजारी उभे राहा आणि त्याला त्याच्या वेगाने जाऊ द्या. त्याला वेळ लागेल. तो वेळ तेवढा त्याला द्या.