झेरॉक्स, हवाली आणि सामाईक : वेबपान वर्करशी कसे बोलते

वेबपानावर मोठा फोटो उघडला आणि तो कृष्णधवल करायचे बटण दाबले की पुष्कळदा पान गोठते. कितीही क्लिक केले तरी काही होत नाही. पानाची जावास्क्रिप्ट एकाच धाग्यावर, म्हणजे मेन थ्रेडवर चालते आणि क्लिक टिपणे, मजकुराची मांडणी करणे हेही त्याच धाग्याकडे असते. साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते, तेव्हा एका चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. फोटोचे गणित अर्धा सेकंद चालले तर तीसएक चित्रे हुकली.

यावर उपाय म्हणजे वेब वर्कर. फायरफॉक्समध्ये तो ३.५ या आवृत्तीपासून, २००९ साली आला. वर्कर ही वेगळ्या धाग्यावर चालणारी जावास्क्रिप्टची फाइल. तिला पानाचे बटण, मजकूर, चित्र यांतले काहीच दिसत नाही आणि पानावरचे व्हेरिएबलही तिच्या हाती लागत नाही. ही ताटातूट मुद्दाम केलेली आहे. दोन धागे एकाच वेळी एकाच ऑब्जेक्टमध्ये फेरफार करू लागले, तर कोणाचे खरे धरायचे? म्हणून दोघांमधला व्यवहार निरोपांनी चालतो. पान पोस्टमेसेज करते, वर्करच्या ऑनमेसेजमध्ये निरोप येतो, आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. वर्कर कामात असेल तर निरोप रांगेत थांबतो, पाठवणारा मात्र खोळंबत नाही. एकामागून एक बरेच निरोप पाठवायचे असतील तर प्रत्येकाला क्रमांक द्यावा. नाहीतर कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हे कळत नाही.

निरोपासोबत माहिती तीन प्रकारे जाते.

पहिला प्रकार झेरॉक्सचा. काही वेगळे सांगितले नाही तर ब्राउझर माहितीची प्रत काढतो आणि ती वर्करला देतो. या पद्धतीचे नाव स्ट्रक्चर्ड क्लोन. माहितीचा मजकूर करणाऱ्या जेसनपेक्षा ती बरीच समंजस आहे. जेसनमध्ये तारखेची नुसती अक्षरे होतात आणि मॅप रिकामा होऊन पोचतो, इथे दोन्ही जसेच्या तसे उतरतात. स्वतःकडेच बोट दाखवणारा ऑब्जेक्टसुद्धा चालतो. फंक्शन किंवा पानावरचा घटक पाठवायला गेलात तर मात्र डेटाक्लोनएररची चूक येते. क्लासचा ऑब्जेक्ट पाठवला तर त्यातली माहिती पोचते, पण त्याच्या मेथड मागेच राहतात.

छोट्या माहितीला हे उत्तम. आता आपला फोटो घ्या : ४००० गुणिले ३००० पिक्सेल, प्रत्येकाचे ४ बाइट, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट. त्याची प्रत काढली की मेमरी दुप्पट लागते. शिवाय निरोप बांधायचे काम पाठवणाऱ्या धाग्यावरच होते. ज्या मेन थ्रेडला मोकळे ठेवायचे होते, तोच प्रत काढत बसतो.

म्हणून दुसरा प्रकार, हवाली करण्याचा. पोस्टमेसेजला निरोपासोबत एक यादीही देता येते. त्या यादीत पिक्सेलचा अरेबफर, म्हणजे त्यांच्या बाइटचा साठा, लिहिला की प्रत निघत नाही. मेमरी आहे तिथेच राहते, फक्त तिचा ताबा वर्करकडे जातो. त्याच क्षणी पानाकडच्या बफरची बाइटलेंथ शून्य होते. पुष्कळजण नेमके इथे अडखळतात. बफर हवाली केल्यावर पुढच्या ओळीत तोच वाचायला जातात, आणि हाती काही लागत नाही. त्या बफरवर उभे असलेले सगळे टाइप्ड अरेसुद्धा त्याच क्षणी निकामी होतात. काम झाले की वर्करने बफर तसाच यादीत घालून परत करावा. इमेजबिटमॅप, ऑफस्क्रीनकॅनव्हास आणि मेसेजपोर्ट यांचाही ताबा असाच देता येतो.

तिसरा प्रकार सामाईक मेमरीचा. शेअर्डअरेबफर २०१७ च्या जावास्क्रिप्ट मानकात आला. ही सामाईक विहीर आहे : दोघांना तेच पाणी दिसते, म्हणून पाळी लावावी लागते. समजा मोजणी ४१ वर आहे. दोन वर्करनी ती एकाच वेळी वाचली, दोघांनी एक मिळवला आणि दोघांनी ४२ लिहिले. मोजणी ४३ व्हायला हवी होती, एक बेरीज बुडाली. ॲटॉमिक्स ॲड वापरले तर वाचणे, मिळवणे, लिहिणे ही तिन्ही कामे अखंड होतात आणि मध्ये कोणी शिरू शकत नाही. ॲटॉमिक्स वेट वापरून वर्कर दुसऱ्याची वाट पाहत झोपू शकतो. पानाच्या मेन थ्रेडला तशी झोपायची परवानगी नाही.

या विहिरीला कुंपणही आहे. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर ही त्रुटी जाहीर झाली. सामाईक मेमरीत सतत आकडा वाढवणारा वर्कर ठेवला की अतिशय सूक्ष्म वेळ मोजणारे घड्याळ तयार होते, आणि अशा घड्याळाने इतरांच्या मेमरीतली गुपिते ताडता येतात. त्यामुळे ब्राउझरांनी ही सोय तेव्हा बंद केली. आता ती परत आली आहे. मात्र सर्व्हरने क्रॉस ओरिजिन ओपनर पॉलिसी आणि क्रॉस ओरिजिन एम्बेडर पॉलिसी हे दोन हेडर पाठवून पानाला इतरांपासून वेगळे ठेवलेले असावे लागते.

निवड करताना एकच विचारावे : या क्षणी ही माहिती कोणाकोणाला लागणार आहे? माहिती छोटी असेल तर झेरॉक्स पुरते. मोठी असेल आणि एका वेळी एकालाच लागणार असेल, तर हवाली करावी. दोघांना सतत एकदम लागणार असेल, तरच सामाईक मेमरीची जोखीम घ्यावी. आपल्या फोटोला हवाली करणेच योग्य. आणि हे सारे जमले की आपल्या वेगवान लॅपटॉपवर समाधान मानू नका, एखाद्या स्वस्त फोनवर तेच पान उघडून बटण दाबून पाहा. पान अडकले तर बहुतेकांचे ते तिथेच अडकते.