शहरातली जादू (लेखांक ४) : जमिनीखाली गेलेल्या नद्या

ओळखीचं शहर तसंच ठेवायचं आणि त्यात जादू आणून सोडायची, ही शहरी फँटसीची घडण मागच्या आठवड्यात पाहिली. आज या प्रकारातली माझी सर्वांत लाडकी कादंबरी : बेन आरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११).

पीटर ग्रँट हा लंडनचा उमेदवार पोलीस शिपाई. कॉव्हेंट गार्डनमध्ये खुनाच्या जागी पहारा देताना त्याला साक्षीदार भेटतो आणि तो निघतो भूत! पीटर त्याचा रीतसर जबाब घेऊ लागतो. पुस्तकाचा सूर इथेच लागतो. पुढे नाइटिंगेल हा जादूगार अधिकारी त्याला शागीर्द करून घेतो. इथली जादू न्यूटनने शास्त्रासारखी बांधलेली आहे. तळहातावर उजेडाचा गोळा आणायलाही चिकाटीने सराव करावा लागतो. शिवाय जादू केली की जवळच्या मोबाइलमधल्या चिपची भुकटी होते. असं का होतं, हे पीटर प्रयोग करून तपासतो. ही पानं सावकाश वाचा.

पण जीव गुंततो तो नद्यांमध्ये. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटचं काम चालवणं कठीण झालं. मग बॅझलजेट या इंजिनिअरने शहराखाली सांडपाण्याचं जाळं उभारलं. फ्लीट, टायबर्न यांसारखे जुने प्रवाह तर आधीपासूनच टप्प्याटप्प्याने झाकले जात होते. आरोनोविच हा इतिहास उचलतात आणि विचारतात, त्या नद्यांच्या देवतांचं काय झालं? कादंबरीत त्याच वर्षी थेम्सबाबा पोटची मुलं गमावून वरच्या अंगाला निघून जातो. पुढे नायजेरियाहून नर्सिंग शिकायला आलेली एक मुलगी निराशेच्या भरात नदीत उडी घेते आणि तीच थेम्सआई होते.

नदीला आई म्हणणं आपल्या अंगवळणी आहे. वाईत कृष्णाबाईचा उत्सव होतो. त्यामुळे मराठी वाचक इथे पटकन रुळतो. तरी परदेशातून आलेल्या बाईला नदीने आपलं सगळं देऊन टाकावं, ही कल्पना मला फार मोठी वाटते. पीटरची आईही अशीच परदेशातली, सिएरा लिओनची. हे लंडन कोणाचं, याचं उत्तर लेखकाने भाषण न देता कथेतच दिलं आहे.

वाचताना लंडनचा नकाशा जवळ ठेवा. टायबर्न श्रीमंत मेफेअरखालून वाहते, म्हणून तिची देवता लेडी टाय हिचा तोरा तसा. बेव्हर्ली ब्रूक अजूनही विंबल्डन कॉमन आणि रिचमंड पार्कमधून उघड्यावर वाहते; तिची देवता तशीच मोकळीढाकळी. रहस्याचा उलगडा शेवटी थोडा घाईचा वाटतो, पण तोवर नद्यांनी आपल्याला पुरतं ओढून नेलेलं असतं.

पुढच्या लेखांकात नील गेमन यांचं ‘नेव्हरव्हेअर’. शहर तेच, वाट मात्र भुयारी रेल्वेची.